बनवणाऱ्याचं नाव

आमच्या ट्रॉलीला गावात कुणी नुसती ट्रॉली म्हणत नाही, 'नानांची ट्रॉली' म्हणतात. नाना म्हणजे माझे वडील. सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी ओट्यावर येऊन बसतं, पावसापाण्याचं बोलतं आणि उठता उठता विचारतं, "नाना, ट्रॉली मोकळी आहे का आज?" अठरा वर्षं हे असंच चाललं आहे. तिने आमचा कांदा लासलगावला नेला, टोमॅटोचे क्रेट पिंपळगावला पोचवले, बागेत शेणखत टाकलं, गावातल्या निम्म्या घरांच्या विटा वाहिल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर येऊन सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं, तेव्हा गावाने गोळा केलेली धान्याची पोती आणि चादरी तिच्यातूनच तिकडे गेल्या. दर वर्षी मंडळाचा गणपती तिच्यातच बसून बाणगंगेवर जायचा.

आणि एवढं सगळं करून कागदावर ती कुठेच नाही. कायद्याच्या दृष्टीने ती अजून जन्मलेलीच नाही. गेलं वर्षभर मी तिचा जन्मदाखला काढायच्या मागे होते.

सुरुवात जानेवारीतल्या एका पहाटे झाली. लाल कांद्याची आवक जोरात होती. लिलावात नंबर लवकर लागावा म्हणून माझा भाऊ पहाटे चारला निघाला. महामार्गावर धुकं होतं. पिंपळगावच्या अलीकडे पोलिसांनी हात दाखवला. ट्रॅक्टरची कागदपत्रं होती, लायसन्स होतं. मग टॉर्च मागे फिरला.

"ट्रॉलीचा नंबर?"

"ट्रॅक्टरचाच की, साहेब."

"ट्रॅक्टरचा ट्रॅक्टरला. ट्रॉलीचा कुठंय?"

दंड भरला, लिलाव चुकला, दुपारच्या सत्रात भाव उतरला. भावाला दंडाचं एवढं वाटलं नाही. त्याला लागलं ते त्या पोलिसाचं शेवटचं वाक्य, आणि ते वाक्य कडू नव्हतं, काळजीचंच होतं. "दादा, धुक्यात मागून एखादा मोटारसायकलवाला आला असता, तर तुम्ही काय दाखवलं असतं?" ट्रॉलीच्या मागे सायकलला लावतात तसले दोन लाल रिफ्लेक्टर होते, तेही मातीने माखलेले. आमच्या शेजारच्या गावात असा अपघात झालेला आहे. ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रॉलीचा नव्हता. ते कुटुंब अजून कोर्टाच्या तारखांना जातं आहे.

नानांनी हे ऐकलं आणि जेवण अर्धवट टाकून उठले. संध्याकाळी मला नाशिकला फोन आला. "तू शाळेतली माणूस, कागदाचं तुला कळतं. तिला नंबर घेऊ. जे काय लागतं ते रीतसर करू."

नाना ओझर मिगमध्ये वेल्डर होते. बाहेरच्यांसाठी सांगते, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिक विभाग १९६४ मध्ये मिग विमानांसाठी ओझरला उभा राहिला. आमच्याकडे त्या कारखान्याला आणि वसाहतीला कुणी एचएएल म्हणत नाही. 'मिगमध्ये आहेत' एवढंच म्हणतात आणि तेवढ्यावर मुलीचं लग्न ठरायचं. नाना तिथे तीस वर्षं होते. तिथल्या कामाबद्दल ते घरी फार बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितली आहे. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचं कार्ड फिरायचं. हा पत्रा कुठून आला, कोणी कापला, कोणी जोडला, कोणी तपासला, सगळ्यांच्या सह्या त्यावर. तपासणाऱ्याने नापास केलं तर नाना रागावत नसत. उलट ज्या दिवशी तपासणी घाईत व्हायची त्या दिवशी ते अस्वस्थ घरी यायचे.

२००५ ला निवृत्त झाले आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांनी अंगणात ट्रॉली बनवायला घेतली. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते आणि दर शनिवारी घरी जायचे, त्यामुळे ती मला टप्प्याटप्प्याने दिसली. आधी चासी, १०० बाय ५० च्या चॅनलची. मग अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणलेला, एका मोडीत निघालेल्या ट्रकचा एक्सल. हब खोलून बेअरिंग नवे टाकले. मग पाटे, मग तळाचा पत्रा, मग कठडे आणि मागचा फाळका. दहा फूट बाय सहा फूट, कठडा दोन फुटांचा. वर जाळी लावून कांदा भरला की पंचवीस क्विंटल बसतो.

मी मराठी शिकवते, लोखंडातलं मला काही कळत नाही. पण नाना काम करताना बोलत आणि मी ऐकत बसे. दोन चाकांच्या ट्रॉलीत आस नेमका कुठे ठेवायचा यावर त्यांनी चार दिवस घालवले होते. आस थोडा मागे, म्हणजे भरल्यावर काही वजन पुढे ट्रॅक्टरच्या हुकावर टेकतं आणि मागच्या चाकांना पकड मिळते. फार मागे गेला तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. फार पुढे आला तर ट्रॉलीच हुकाला वर ओढते. बैलगाडीचंही हेच, ते म्हणाले, गाडी 'धुरजड' भरली तर बैलांच्या मानेवर ओझं आणि 'उलार' भरली तर जू वर. हुकात अडकणारी कडी त्यांनी वेल्ड करून बनवली नाही. पिंपळगावच्या एका लोहाराकडून एका तुकड्यात ठोकून घेतली, कारण सगळा ओढ तिथेच येतो आणि जोड असेल तर तडा तिथूनच जातो. ड्रॉबारसाठी, म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यासाठी, वेल्डिंगचे ७०१८ नंबरचे रॉड वापरले. त्या रॉडला दमट हवा चालत नाही, म्हणून बिस्किटाच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात शंभर वॅटचा बल्ब लावून त्यात ते कोरडे ठेवत. आई म्हणायची, घरात लेकरांना एवढं उबेत नव्हतं ठेवलं.

त्यांनी ड्रॉइंगही काढलं होतं. काम सुरू करायच्या आधी, महालक्ष्मीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, टी-स्क्वेअर लावून. चार कागद. वरून, बाजूने, मागून, आणि चौथ्यावर जोडांचे तपशील, वेल्डच्या खुणांसकट. ते कागद आईच्या पितळी डब्यात, आमच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर ठेवलेले होते. नंबर काढायचं ठरलं त्या दिवशी नानांनी ते मला दिले. त्यांना खात्री होती की कागद मागतील तेव्हा हेच मागतील.

आरटीओ कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने ते कागद पाहिलेसुद्धा. नीट, शेवटपर्यंत. मग विचारलं, "ताई, फॉर्म २१ कुठंय?"

फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला. वाहन विकणाऱ्याने द्यायचा. फॉर्म २२ म्हणजे वाहन रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला. आपण भरायचा तो फॉर्म २०, नोंदणीचा अर्ज. त्यावर चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा चिकटवायचा. शिवाय विमा.

"विकलीच नाही कुणी," मी म्हटलं. "वडिलांनी बनवली."

"मग बिल?"

"बिल कसं असेल?"

"मग विकणाऱ्याचा दाखला लागेल."

असं आम्ही तीनदा फिरलो. त्या माणसाचा यात काही दोष नाही, तो सभ्य होता, त्याने मागच्या रांगेला थांबवून मला पंधरा मिनिटं दिली. त्याच्यासमोर जो कागद होता त्यात विकणारा आणि घेणारा अशा दोनच माणसांना जागा होती. बनवून वापरणारा माणूस त्या कागदाच्या कल्पनेतच नव्हता.

विम्याकडे गेले तर तिथे चासी नंबर आणि बिल मागितलं. म्हणाले, नोंदणी करून आणा. नोंदणीसाठी विमा लागतो. हे मी वहीत लिहून ठेवलं, कारण घरी सांगताना माझ्याच लक्षात राहीना की आधी काय आणि मग काय.

मग मी कायदा वाचायला घेतला. मोटार वाहन कायदा, १९८८. मे महिन्याच्या सुट्टीत, रोज दुपारी थोडा थोडा. आणि मला कबूल केलं पाहिजे की तो मी समजत होते तसा कोरडा निघाला नाही. दुसऱ्या कलमात व्याख्या आहेत आणि तिथे मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, स्वतःहून एक इंच हलत नाही, तरी कायद्याने ते मोटार वाहन आहे. नानांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबरच आहे. धडक दिली तर इंजिन आहे का नाही कोण विचारतंय."

६१ वं कलम खास ट्रेलरसाठी आहे. नोंदणीचे सगळे नियम ट्रेलरला इतर वाहनांसारखेच लागू, असं ते म्हणतं. पुढे एक बारीक व्यवस्था आहे, जी मला फार आवडली. ट्रॉलीचा नंबर ट्रॅक्टरच्या बाजूवर लिहायचा आणि ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीच्या मागे. म्हणजे रात्री मागून येणाऱ्याला समोर कोण चाललंय ते दिसावं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर खरा रस्ता होता. आपल्याकडे ऊस, कांदा, द्राक्षाचे क्रेट वाहणाऱ्या हजारो ट्रॉल्या रोज रात्री रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे रेडियमची पट्टी नसली तर काय होतं ते गळीत हंगामातला कुठलाही डॉक्टर सांगेल. त्यामुळे कुणी म्हणालं की हे सगळे नियम शेतकऱ्याला छळायला केलेत, तर मी त्याच्याशी भांडेन. आम्हाला नियम हवेच होते.

माझं दुखणं वेगळं आहे आणि ते १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ४७ व्या नियमात सापडलं. नोंदणीच्या अर्जाबरोबर काय काय जोडायचं त्याची तिथे यादी आहे. ट्रेलर असेल तर त्याच्या डिझाइनला परिवहन प्राधिकरणाने किंवा आयुक्तांनी दिलेल्या मंजुरीची प्रत जोडा, असं त्यात आहे. हे वाचून मला आधी आनंद झाला. डिझाइन! आमच्याकडे डिझाइन होतं, कॅलेंडरच्या पाठीवरचे चार कागद. मी ते झेरॉक्स करून, नीट फाईल करून परत गेले.

या वेळी एका निरीक्षकांशी बोलता आलं. वयाने नानांपेक्षा बरेच लहान, इंजिनिअर. त्यांनी चौथा कागद बराच वेळ पाहिला. "कुठे होते तुमचे वडील?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग समजावून सांगितलं की ही मंजुरी घेतात ते ट्रॉल्या बनवण्याचा धंदा करणारे वर्कशॉपवाले. एकदा डिझाइन मंजूर झालं की त्या नमुन्याच्या ट्रॉल्या ते बनवतात, प्रत्येकीवर नंबर ठोकतात, फॉर्म २१ आणि २२ देतात. एका माणसाने एकच, स्वतःसाठी, आणि तीही आधीच बनवलेली ट्रॉली घेऊन यायचं, ही वाट त्यांच्यासमोर नव्हती.

"तुम्ही येऊन बघा ना," मी म्हटलं. "वजन टाकून बघा. कुठेही ठोकून बघा."

"बघून मी काय लिहू, ताई? मेकर म्हणून कुणाचं नाव लिहू?"

हे त्यांनी तोडून टाकायला म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मी त्या प्रश्नावर घरापर्यंत विचार करत आले. पाऊस नुकता सुरू झाला होता, बस द्वारका चौकात अडकली होती, आणि मला एकदम आजोबांची बैलगाडी आठवली.

ती गाडी गावातल्या सुताराने बनवली होती. तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, साटा सागाचा. लोहाराने धाव चढवली तो दिवस नानांना अजून आठवतो. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी कडं लाल होईपर्यंत तापवायचं, सांडशीने उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, धाव आवळते आणि आख्खं चाक करकरून एक होतं. त्या गाडीचा कुठलाही कागद नव्हता, पण ती कुणी बनवली हे पंचक्रोशीत माहीत होतं. चाक निसटलं तर लोक त्या सुताराच्या दारात जात. नाव हीच जबाबदारी होती. आता अंतरं वाढली, वेग वाढले, ट्रॉली पन्नास मैलांवर अनोळखी माणसाला धडकू शकते, तेव्हा नाव तोंडी राहून चालणार नाही, ते कुठेतरी लिहिलेलं हवं. हे मला पूर्ण मान्य आहे. पण मग ते खऱ्या माणसाचं लिहिलं जावं ना?

कारण पुढच्याच आठवड्यात आम्हाला खोटं नाव लिहायचा मार्ग सापडला. सापडला म्हणजे तोच चालत आला. ओळखीतल्या एकाने एका एजंटला घरी आणलं. त्याने ट्रॉलीकडे पाहिलंही नाही. ओट्यावर बसून सांगितलं की एका मंजुरीवाल्या वर्कशॉपकडून बिल आणि दोन्ही फॉर्म तो आणून देईल, त्यांचा चासी नंबर ड्रॉबारवर ठोकून घ्यायचा, वर नवा रंग मारायचा. "नवीन म्हणूनच लागेल, बाबा. पंधरा दिवसांत नंबर. सगळे असंच करतात."

भाऊ नानांकडे बघत होता. त्याला हवं होतं, आणि मी त्याला दोष देत नाही, कांद्याच्या हंगामात एकेक दिवस मोजावा लागतो.

नाना म्हणाले, "म्हणजे त्या कागदावर लिहिलेलं असेल की ही त्यांनी बनवली."

"हो, म्हणजे कागदावर."

"आणि उद्या तिचा एक्सल तुटला आणि कुणी मेलं तर?"

"असं कसं होईल, बाबा, एवढी मजबूत—"

"झालं तर ते म्हणतील आम्ही बनवली नाही. आणि ते खरंच बोलत असतील." मग जरा थांबून म्हणाले, "आणि नाही तुटला, अजून वीस वर्षं चालली, तर लोक म्हणतील त्यांनी चांगली बनवली."

एजंट गेला. त्या रात्री नाना लवकर झोपले. मी नानांना चिडलेलं पुष्कळदा पाहिलं आहे, पण असं गप्प फार थोड्या वेळा.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्यानेही तिकडे घराच्या मागे बागेचं सामान वाहायला एक छोटा ट्रेलर बनवला होता. फोनवर त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, त्यालाही कमी फिरावं लागलं नव्हतं. एक्सल कुठून घेतला त्याची पावती आण, टायरची आण, लोखंडाची आण, रिकामा ट्रेलर काट्यावर नेऊन वजनाची चिठ्ठी आण, ती जुनी झाली, परत आण. एका खिडकीवर एक सांगायचे, दुसऱ्या खिडकीवर दुसरंच. त्यालाही वैताग आला होता. पण शेवटी अधिकारी आला, ट्रेलर पाहिला आणि सरकारने त्याला स्वतःचा एक नंबर दिला. तिथल्या अनेक राज्यांत ही सोय आहे. आणि वाहन कुणी बनवलं या रकान्यात कंपनीचं नाव लिहितात तिथे त्याच्या कागदावर 'होममेड' असं छापलेलं आहे. त्याने त्या कागदाचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून नानांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग विचारलं, "पावत्या नसत्या तर?"

पावत्या आमच्याकडेही नव्हत्या. भंगार बाजारात २००६ मध्ये कोण पावती देणार? २०१७ मध्ये महापालिकेने तो बाजारच हटवला. नंतर तिथे पुन्हा दुकानं उभी राहिली, पण ज्या माणसाकडून एक्सल घेतला तो काही सापडला नाही. तरीही मी नानांना सांगितलं की एखादा अधिकारी येऊन बघणार असेल तर पावती नसण्यावरही मार्ग निघू शकतो. हब खोला, जोड तपासा, भरून ब्रेक मारून बघा, आणि मग हो म्हणा किंवा नाही म्हणा. नाही म्हटलं असतं तरी नानांनी ते घेतलं असतं. तिला स्वतःचे ब्रेक नाहीत, ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर सगळं वजन थांबवावं लागतं. हा दोष त्यांनी मला स्वतःहून दाखवला होता. "आज बनवली असती तर ब्रेक टाकले असते. तेव्हा पैसे कमी पडले." तपासणारा आला असता तर त्यांनी हे आधी त्याला सांगितलं असतं. त्यांना सूट नको होती. त्यांना नापास होण्याची तरी संधी हवी होती, आणि तेवढीच त्यांना कुठे मिळाली नाही.

लोक याला जुगाड म्हणतात आणि सोडून देतात. नानांना हा शब्द सहन होत नाही. पाण्याच्या पंपाचं इंजिन लावून उत्तरेत ज्या गाड्या बनवतात त्यांनाच मुळात जुगाड म्हणत, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याही मोटार वाहनच आहेत, त्यांनाही कायदा लागू आहे, असा निर्वाळा दिला. ते योग्यच झालं. पण ज्याने चार ड्रॉइंग काढून, रॉड सुकवून, आसाची जागा मोजून काम केलं त्यालाही त्याच शब्दात गुंडाळायचं, याने माझ्या पोटात तुटतं. आपल्या तालुक्यात असे किती हात आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले टर्नर, फिटर, वेल्डर. कुणी द्राक्षबागेच्या अरुंद सरीत जाईल एवढी ट्रॉली केली आहे, कुणी कांदा भरायचा पट्टा केला आहे. त्यातलं काही उत्तम असेल, काही धोक्याचं असेल. कोणतं कुठलं हे सांगणारं माणूस त्यांच्या अंगणापर्यंत पोचत नाही. मग चांगलं आणि धोक्याचं दोन्ही रात्री बिननंबरचं रस्त्यावर येतं, नाहीतर दुसऱ्याच्या नावाच्या कागदावर येतं. एकेक वाहन तपासून नोंदवण्याची एक खिडकी उघडा, फी घ्या, कडक तपासा. एवढंच मी एका अर्जात लिहून वरच्या कार्यालयाला पाठवलं आहे. पोच मिळाली आहे.

सप्टेंबरमध्ये आम्ही नवी ट्रॉली घेतली. मंजुरीवाल्या वर्कशॉपची, दोन्ही फॉर्मसह. ती घ्यायला नानाच पुढे होते. खाली वाकून त्यांनी प्रत्येक जोड पाहिला, एका ठिकाणी बोट ठेवून "इथे परत एक फेरी मारा" म्हणाले, आणि त्या मुलाने काही न बोलता मारली.

त्याआधी एक गोष्ट घडली होती. मला वाटत होतं की जुनी ट्रॉली निदान शेतात, बागेत चालवता येईल, रस्त्यावर न आणता. मी नानांना ३९ वं कलम मराठीत करून वाचून दाखवत होते. नोंदणीशिवाय कुणीही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी 'किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' चालवू नये. नानांनी मला ते चार शब्द पुन्हा वाचायला लावले. भाऊ म्हणाला, नाना, आपल्या शेतात कोण बघायला येतंय. नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ते कांद्याच्या चाळीशेजारी होते. ट्रॉली जॅकवर घेऊन चारी बाजूंनी विटांचे खांब लावले होते आणि एक चाक काढून झालं होतं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस. भाऊ धावला आणि दुसरं चाक त्याने काढलं. आता तिच्यात निवडायचा कांदा टाकतात. कमरेच्या उंचीला आल्यामुळे बायकांना वाकावं लागत नाही, आई म्हणते आधीपेक्षा बरंय. ओट्यावर अजून लोक येतात आणि "नानांची ट्रॉली" मागतात, आणि त्यांना नवी मिळते.

नव्या ट्रॉलीचा अर्ज भरायच्या दिवशी चासी नंबरचा पेन्सिल ठसा घ्यायचा होता. भावाने दोनदा घेतला, दोन्हीदा फासल्यासारखा आला, रंग जाड होता. नानांनी थिनर मागितलं, चिंधीने नंबरवरचा रंग हलक्या हाताने काढला, पातळ कागद ताणून धरला आणि पेन्सिल आडवी करून एकाच दिशेने फिरवली. एकेक आकडा कागदावर उठून आला. तो फॉर्म २० वर चिकटवला.

मग ते कागद आणि पेन्सिल घेऊन चाळीकडे निघाले. मी मागे गेले. विटांवरच्या ट्रॉलीखाली ते पाठीवर सरकले आणि ड्रॉबारच्या खालच्या अंगावर, जिथे कुणाचं कधी लक्ष गेलं नव्हतं, चिंधीने पुसू लागले. तिथे पंचने ठोकलेले आकडे होते. ०१-२००६. अठरा वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

"०१ कशाला, नाना? दुसरी बनवायची होती?"

"बनवायची होती की," ते खालून म्हणाले. "ब्रेकवाली."

त्यांनी ठसा घेऊन कागद माझ्याकडे दिला. उजेडात धरला तर सहाची खाच पुसट आली होती. ते त्यांना माझ्या आधी दिसलं असावं, कारण ट्रॉलीखालून त्यांचा हात दुसरा कागद मागत होता.